क्रुगरच्या रस्त्यावर बाबांबरोबर पाच दिवस

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानाच्या ‘मलेलाने’ नावाच्या दरवाजावर पहारेकऱ्याने परवान्याचा कागद हातात दिला, गाडीची डिकी उघडून पाहिली आणि दोन गोष्टी बजावल्या. डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरच्या वर जायचे नाही आणि परवानगी असलेल्या जागा सोडून कुठेही गाडीतून उतरायचे नाही. कच्च्या रस्त्यावर वेगाची मर्यादा ताशी ४० आहे. जोहान्सबर्गहून पहाटे निघून एन-४ महामार्गाने चारशे किलोमीटर सुसाट आलेल्या माणसाला हे आकडे फारच कमी वाटतात. पाच दिवसांनी आम्ही या उद्यानातून बाहेर पडलो तेव्हा आमचा सरासरी वेग ताशी वीससुद्धा भरत नव्हता, आणि तरीही बरेच काही बघायचे राहून गेले याची रुखरुख होती.

आम्ही तिघे होतो: मी, माझा नवरा आणि माझे बाबा. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि आता बहात्तर वर्षांचे आहेत. माझे बालपण चंद्रपुरात गेले, त्यामुळे जंगल म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे ताडोबाच येतो. मोहर्लीच्या दरवाजावर पहाटेच्या थंडीत उभी असलेली जिप्सी, पुढे चालक आणि गाइड, धुळीतल्या पाऊलखुणा, चितळाचा किंवा वानराचा धोक्याचा ‘कॉल’ आला की एकदम बंद होणारे इंजिन, हे सगळे मी लहानपणापासून पाहिले आहे. या गाइड मंडळींची नजर अशी तयार असते की बांबूच्या बेटातला शेपटीचा टोकाचा भागही त्यांना आधी दिसतो. मात्र त्यामुळे एक गोष्ट होते. आपण जंगल पाहत नाही, आपण गाइडचे बोट पाहतो. क्रुगरमध्येही वाटाड्या घेता येतो आणि उद्यानाच्या उघड्या गाड्यांतून फेरी करता येते, पण तिथे येणारे बहुतेक लोक आपली साधी मोटार घेऊन, हातात नकाशा धरून स्वतःच फिरतात. कुठे वळायचे, कुठे थांबायचे आणि किती वेळ थांबायचे, हे आपणच ठरवायचे. दक्षिण आफ्रिकेत आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहतूक चालते, त्यामुळे गाडी चालवण्याचे दडपण फारसे येत नाही.

हे उद्यान सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरचे आहे. आपला अख्खा चंद्रपूर जिल्हा त्यात ठेवला तरी भरपूर जागा उरेल. उत्तर-दक्षिण लांबी जवळपास ३५० किलोमीटर आहे. पॉल क्रुगर तिथल्या ट्रान्सवाल प्रजासत्ताकाचे अध्यक्ष असताना १८९८ साली साबी आणि क्रोकोडाइल या नद्यांमधला प्रदेश शिकारबंदीसाठी राखला गेला, १९२६ मध्ये तो राष्ट्रीय उद्यान झाला, आणि पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, पहिल्या तीन मोटारी पर्यटकांना घेऊन आत आल्या. म्हणजे मोटारीत बसून जंगल पाहण्याची ही रीत तिथे जवळपास शंभर वर्षांची आहे. तिथल्या प्राण्यांच्या कितीतरी पिढ्या मोटारी पाहत वाढल्या आहेत. गाडी त्यांना आता शिकारीही वाटत नाही आणि शिकारही वाटत नाही. माणूस दार उघडून खाली उतरला की मात्र त्यांच्या लेखी सगळे बदलते. न उतरण्याचा नियम आपल्या जिवासाठी आहे, हे तर खरेच. पण प्राण्यांची ही निर्धास्तता टिकून राहावी यासाठीही तो तेवढाच आवश्यक आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही स्कुकुझाहून लोअर साबीला निघालो; ही दोन्ही उद्यानातली मुक्कामाची ठिकाणे. नकाशावर हा रस्ता एच ४-१ या नावाने दाखवलेला असून तो सुमारे ४५ किलोमीटरचा आहे. साबी नदीच्या काठाने जाणारा हा रस्ता क्रुगरमधला सर्वांत गजबजलेला रस्ता म्हणून ओळखला जातो, आणि ते खरेही आहे, पण त्याच्यासारखा सुंदर रस्ता मी पाहिलेला नाही. ऑगस्टमध्ये तिथे हिवाळा सरत आलेला असतो. गवत पिवळे पडलेले, मारुलाची झाडे निष्पर्ण, आणि या सगळ्या पिवळ्या-करड्या रंगात नदीकाठच्या अंजिराच्या जातीतल्या विशाल झाडांची हिरवी रांग. मुक्कामांची फाटके सकाळी सहाला उघडतात. आम्ही सहा वाजून दोन मिनिटांनी बाहेर पडलो आणि लोअर साबीला पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. बाबांनी डायरीत प्रत्येक थांब्याची वेळ आणि गाडीच्या मीटरवरचा आकडा टिपून ठेवला होता. त्या ४५ किलोमीटरांत आम्ही २७ वेळा थांबलो होतो.

त्यातला तिसरा थांबा मी कधी विसरणार नाही. अजून पुरते उजाडले नव्हते. रस्त्याखालून ओढा नेण्यासाठी बांधलेल्या एका मोरीपाशी बाबा अचानक म्हणाले, “थांब बेटा, मोरीच्या तोंडाशी माती ताजी दिसते.” चाळीस वर्षे कालवे आणि मोऱ्या तपासत हिंडलेल्या माणसाची नजर तिथे जाणे साहजिक होते. नवऱ्याने इंजिन बंद केले. दोन-तीन मिनिटे काहीच झाले नाही. मग सिमेंटच्या नळीतून एक गोल, काळपट तोंड बाहेर आले. ते ठिपक्यांच्या तरसाचे पिल्लू होते. ही पिल्ले जन्मतःच गडद रंगाची असतात, अंगावरचे ठिपके नंतर उमटतात. आणि जन्मताना त्यांचे डोळे उघडे असतात, दातही आलेले असतात. ते पिल्लू रस्त्यावर आले, आमच्या गाडीच्या पुढच्या चाकापाशी थांबले आणि टायर हुंगू लागले. मी खिडकीतून खाली पाहिले तर त्याच्या कानांच्या कडेचे मऊ केस, नाकावरची माती आणि थंडीने बाहेर पडणारी वाफ, सगळे माझ्यापासून हातभर अंतरावर होते. थोड्या वेळाने दुसरे पिल्लू आले. पाठोपाठ त्यांची आई बाहेर आली, तिने एकदा गाडीकडे पाहिले आणि मोरीच्या कडेला पहुडली. दोन्ही पिल्ले लगेच तिच्या पोटाशी शिरली.

आपल्याकडे तरस या प्राण्याविषयी कुणी बरे बोलत नाही. आफ्रिकेतल्या या ठिपकेवाल्या जातीत माद्या नरांपेक्षा आकाराने मोठ्या असतात आणि कळपात त्यांचाच मान वरचा असतो, पिल्लाला आईचे स्थान वारशाने मिळते, आणि हे प्राणी केवळ मेलेल्या जनावरांवर न जगता स्वतः शिकार करूनही भरपूर खातात, हे मी वाचलेले होते. वाचलेले असूनही मनात घृणा होती, ती त्या सकाळी गेली. आम्ही चाळीस मिनिटे तिथे होतो. मागून सात-आठ गाड्या आल्या आणि वेग कमी न करता निघून गेल्या, कारण पुढे कुठेतरी बिबट्या दिसल्याची बातमी होती. ताडोब्यात मी कितीतरी वेळा त्या पुढे जाणाऱ्या गाडीत बसलेली आहे.

स्वतः गाडी चालवताना पहिल्या दिवशी आपण फक्त मोठे काही शोधत असतो. इम्पाला हरणांचे कळप इतके असतात की दुपारपर्यंत डोळे त्यांना वगळायला लागतात. पण बाबांनी हट्टाने प्रत्येक कळपापाशी गाडी थांबवायला लावली आणि मग इम्पालाच्या पाठीमागच्या काळ्या उभ्या रेघा, नरांचे वीणेसारखे बाक घेतलेले शिंग, आणि एका मादीच्या कानात चोच घालून गोचीड वेचणारा लाल चोचीचा ऑक्सपेकर पक्षी दिसला. कळपातली सगळी हरणे एका दिशेला तोंड करून उभी असली की तिकडे काहीतरी आहे, हे चितळांमुळे आम्हाला ठाऊक होतेच. वाळक्या फांदीवर बसलेला जांभळ्या छातीचा नीलपंख उडाला तेव्हा बाबांचा हात नकळत कपाळाशी गेला. आपल्याकडे दसऱ्याला नीलपंखाचे दर्शन शुभ मानतात, आणि हा तर त्याच कुळातला. पंख उघडताच निळ्या रंगाच्या दोन-तीन छटा एकदम चमकतात.

वाटेत न्कुहलू येथे नदीकाठी उतरायला परवानगी असलेली जागा आहे. तिथे गॅसची शेगडी भाड्याने मिळते. आजूबाजूचे लोक अंडी आणि मांस भाजत होते, आम्ही पोहे केले. झाडावर माकडे टपून असतात, त्यामुळे ताटावरून हात काढायची सोय नव्हती.

लोअर साबीच्या जवळ सनसेट डॅम नावाचा छोटा जलाशय रस्त्याला अगदी लागून आहे. दुपारी तिथे पाणघोडे एकमेकांच्या पाठीवर हनुवट्या टेकवून पडले होते, काठावर मगरी जबडे उघडून उन्हात होत्या, आणि एका पाणघोड्याच्या पाठीवर चार कासवे ओळीने बसली होती. दीड तास आम्ही जागेवरून हललो नाही. बाबा पाण्याची पातळी, काठावरच्या जुन्या खुणा आणि सांडव्याची जागा न्याहाळत बसले. २००० सालच्या फेब्रुवारीत इथे प्रचंड पूर आला होता आणि साबीच्या काठचे जुने वृक्ष मोठ्या संख्येने वाहून गेले होते, हे त्यांना स्कुकुझामध्ये समजले होते. तेव्हापासून ते नदीच्या पात्रातल्या वाळूच्या बेटांकडे, बोरूकडे आणि तरुण झाडांकडे फार लक्षपूर्वक पाहत होते.

तिसऱ्या मुक्कामाचे ‘सतारा’ हे नाव ऐकून आम्हा तिघांनाही आनंद झाला. रोमन लिपीत ते नाव आपल्या साताऱ्यासारखेच लिहितात. असे सांगितले जाते की या भागाची मोजणी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली एक भारतीय माणूस होता, त्याने सतरा क्रमांकाच्या जमिनीला ‘सतरा’ म्हटले आणि त्याचेच पुढे हे नाव झाले. बाबांना या अनामिक माणसाविषयी फार आपुलकी वाटली. कुठून आला असेल, मोजणीची साखळी ओढत या सिंहांच्या मुलखात कसा हिंडला असेल, याचा विचार ते त्या रात्री करत होते.

हा मधला भाग काळ्या दगडाचा, म्हणजे आपल्या दख्खनसारखा बेसॉल्टचा आहे, त्यामुळे गवत कसदार आणि मैदाने मोकळी आहेत. झेब्रे, वाइल्डबीस्ट, जिराफ दूरवर चरताना दिसतात, आणि चरणारे जिथे जास्त तिथे सिंहही जास्त. एस-१०० या कच्च्या रस्त्यावर आम्हाला सिंह दिसले. दोन माद्या आणि एक नर गवतात झोपले होते आणि त्यांच्याभोवती वीसेक गाड्या एकमेकींना वाट न देता उभ्या होत्या. आम्ही पाच मिनिटे पाहून पुढे गेलो.

त्याच रस्त्यावर परतताना अडचण झाली. संध्याकाळी सहाला मुक्कामाचे फाटक बंद होते आणि उशीर झाला तर दंड असतो. सव्वापाचच्या सुमारास हत्तींचा कळप रस्ता ओलांडू लागला. आम्ही शंभर मीटरवर थांबलो. माद्या, पिल्ले, पुन्हा माद्या, असे वीस-पंचवीस हत्ती गेले आणि शेवटी एक मोठा नर रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. आफ्रिकी हत्तींत माद्यांनाही सुळे असतात, पण याचे सुळे वेगळेच होते, जमिनीपासून फार तर दोन हात वर. त्याच्या गंडस्थळातून मद पाझरत होता. केवळ तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नसते, कारण आफ्रिकी हत्तींत नर-मादी दोघांनाही नुसत्या उत्तेजित अवस्थेत तो स्राव येतो. पण याचे मागचे पाय मूत्राने सतत भिजत होते आणि मस्तक उंच धरलेले होते. हा माजावर आलेला हत्ती होता. तो आमच्या दिशेने चालू लागला. नवऱ्याने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली, मी मागच्या काचेतून वाट सांगत होते, आणि बाबा शांतपणे म्हणत होते, “घाई नको, त्याच्याइतकाच वेग ठेव.” जवळजवळ अर्धा किलोमीटर आम्ही असे उलटे गेलो. मग त्याने एक काटेरी झाड निवडले, त्याची साल ओढली आणि रस्ता सोडला. पुढचे सगळे अंतर आम्ही ताशी चाळीसनेच कापले, कारण वेगाची मर्यादा उशीर झालेल्यालाही तीच असते. फाटकातून आत शिरलो तेव्हा सहाला चार मिनिटे कमी होती. माझे हात खोलीवर पोहोचेपर्यंत थरथरत होते.

त्या रात्री शेकोटीपाशी बाबांनी तो प्रश्न विचारला, जो मला वाटते त्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून होता: इथली माणसे कुठे गेली? आयुष्यभर धरणांवर काम केलेल्या माणसाला विस्थापन म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. उद्यानाचे पहिले प्रमुख जेम्स स्टीव्हनसन-हॅमिल्टन १९०२ साली इथे आले आणि त्यांनी राखीव क्षेत्रात राहणाऱ्या लोकांना बाहेर काढले. स्थानिक त्सोंगा लोकांनी त्यांना ‘स्कुकुझा’ म्हणायला सुरुवात केली, म्हणजे झाडून साफ करणारा. आज उद्यानाच्या मुख्य मुक्कामाला तेच नाव आहे. उत्तरेकडच्या मकुलेके लोकांना १९६९ मध्ये बळाने हलवले गेले. वर्णभेदी राजवट संपल्यावर त्यांनी दावा केला, १९९८ मध्ये जमिनीची मालकी त्यांना परत मिळाली, आणि त्यांनी ती जमीन नांगराखाली न आणता वन्यजीवांसाठीच ठेवली. तिथल्या पर्यटनाचा लाभ मात्र आता त्यांचा आहे. ताडोब्यातून उठवलेल्या नवेगाव, जामणीच्या लोकांविषयी आम्ही त्या रात्री पुष्कळ वेळ बोललो. जंगल वाचवायला माणसांनी जागा सोडली तर त्या जंगलाच्या मिळकतीत त्यांचा हक्काचा वाटा असलाच पाहिजे, असे बाबांचे मत आहे आणि माझेही.

दुसरी गोष्ट पाण्याची. क्रुगरमध्ये ठिकठिकाणी पवनचक्क्या आणि सिमेंटची टाकी दिसतात, पण त्यातली बरीच आता कोरडी आहेत. विसाव्या शतकात दुष्काळात प्राणी मरू नयेत म्हणून तिथे शेकडो कूपनलिका खोदल्या गेल्या आणि बंधारे घातले गेले. हेतू चांगला होता. पण उत्तरेकडच्या कोरड्या मैदानांत पाणी आले तसे झेब्रे तिथे आले, त्यांच्यामागे सिंह आले, उंच गवत चरून संपले, आणि त्या उंच गवताच्या आडोशाने राहणारी, आधीच थोडी असलेली रोन हरणे झपाट्याने कमी झाली. नव्वदच्या दशकात हे ध्यानात आल्यावर उद्यानाने कृत्रिम पाणवठे एकेक करून बंद करायला घेतले. पाणी पोहोचवण्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या बाबांना हे पचायला जड गेले. आपल्याकडे उन्हाळ्यात ताडोब्यातल्या पाणवठ्यांवर सौरपंप बसवतात, तेव्हा आपण सगळे समाधानाने पाहतो. ताडोबा लहान आहे, चहूबाजूंनी शेती आणि खाणी आहेत, जनावराला दूरच्या नदीकडे जायला वाट उरलेली नाही, म्हणून तिथे पाणी द्यावेच लागेल, असे मी म्हटले. बाबा म्हणाले, “देऊ या. पण दिलेल्या पाण्याचा हिशेब पाण्यापाशी संपत नाही, हे इथे येऊन कळलं.”

एक गेंडाही आम्हाला दिसला. त्याचे शिंग उद्यानानेच भूल देऊन कापलेले होते. शिंग नखासारखे पुन्हा वाढते, आणि चोरट्या शिकाऱ्यांना कापलेल्या शिंगाच्या गेंड्यात रस कमी उरतो. मुक्कामांवर कोणता प्राणी कुठे दिसला हे दाखवणारे रंगीत चुंबकांचे फलक असतात, त्यावर गेंड्याची जागा लावत नाहीत. म्हणून तो कुठे दिसला हे मी इथेही लिहीत नाही.

शेवटच्या सकाळी ओलिफांट्स नदी ओलांडून आम्ही उत्तरेकडे गेलो. नदीच्या पलीकडे जंगल एकदम बदलते आणि मैलोगणती फक्त मोपाने झाडे लागतात. त्यांची पाने आपल्या आपट्यासारखी दोन पाकळ्यांची असतात आणि हिवाळ्यात तांबूस होतात. लेटाबाच्या मुक्कामात अडेनियमची झुडपे फुलली होती; आपल्याकडे ज्याची कुंड्यांमधून हौस करतात त्याची ही रानातली भावंडे, एकही पान नाही आणि गुलाबी-पांढरी फुले भरगच्च.

लेटाबा नदीवरच्या मोठ्या पुलावर पिवळ्या रेषांच्या आत गाडीतून उतरता येते. पाच दिवसांत प्रथमच बाबा रस्त्यावर उभे राहिले आणि कठड्यावर हात ठेवून खाली पाहू लागले. पात्रात बहुतेक वाळू होती, पलीकडच्या काठाने पाण्याची बारीक धार. चार हत्ती त्या धारेकडे न जाता वाळूतच उभे होते. त्यातली एक मादी पुढच्या पायाने वाळू उकरत होती. मग तिने सोंड खड्ड्यात घातली, गढूळ पाणी बाहेर काढून बाजूला उडवले, पुन्हा घातली, पुन्हा उडवले, आणि मग काहीही न करता उभी राहिली.

“झिरा,” बाबा म्हणाले.

यवतमाळ जिल्ह्यातल्या त्यांच्या आजोळी चैत्रात नदी आटली की बायका वाळूत असाच खड्डा करायच्या. पहिले पाणी उपसून टाकायचे, नितळ पाणी झिरपून येईपर्यंत काठाशी बसून राहायचे आणि मग वाटीवाटीने गुंड, म्हणजे घागर, भरायचा. त्यांची आईही त्या रांगेत असे आणि ते तिच्याबरोबर जात. हे त्यांनी मला कधी सांगितले नव्हते. खाली ती मादी बराच वेळ थांबली आणि मग सावकाश प्यायली. तिचे झाल्यावर पिल्लाने गुडघे टेकून खड्ड्यात तोंड घातले, कारण त्याला अजून सोंडेने पाणी ओढता येत नव्हते. थोड्या अंतरावर बबून माकडांची एक टोळी वाळूत बसून राहिली होती. हत्ती दूर गेल्यावर त्यातली एक म्हातारी मादी उठून झिऱ्यापाशी आली.

फालाबोर्वाच्या दरवाजापर्यंत अजून पन्नासेक किलोमीटर होते आणि दुपार होत आली होती. नवरा गाडीत बसून घड्याळ पाहत होता. मी बाबांना हाक मारली, तेव्हा त्यांनी मागे न पाहता हात वर करून थांबण्याची खूण केली.